परवान्याचं पिस्तूल

माझ्या भावाला पिस्तुलाचा परवाना मिळाला तेव्हा त्याने गावात पेढे वाटले. आमच्याकडे बिबवेवाडीलाही एक खोका आला. ह्यांनी त्यातला एक पेढा उचलला आणि विचारलं, "काय झालं? मुलगा की मुलगी?"

"पिस्तूल झालं," मी म्हणाले.

आम्ही दोघंही हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

माझं माहेर लोणी काळभोरचं. लग्न होऊन शहरात आले, शाळेत शिकवायला लागले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. आई-वडील लवकर गेल्यामुळे माहेर म्हणजे थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, आणि त्याची बायको, म्हणजे वहिनी. शेजारच्या घरात काकी. काकीला एकच मुलगा. माझ्यापेक्षा तो वर्षाने मोठा, पण दादापेक्षा लहान, म्हणून सगळे त्याला 'धाकला' म्हणायचे. तो आजोबा व्हायच्या वयाला आला तरी धाकलाच राहिला. आई दवाखान्यात होती त्या वर्षी दादा आणि मी काकीच्याच घरी जेवलो, झोपलो. धाकल्याच्या जुन्या दप्तरातून मी माझी पुस्तकं नेली. दोन घरं होती, पण ती दोन आहेत हे आम्हाला मोठं झाल्यावर कळलं.

सोलापूर रस्त्यालगतच्या जमिनींना भाव आला तेव्हा दादाने आपल्या जमिनीतला थोडा भाग विकला, बंगला बांधला आणि कुणाबरोबर तरी भागीदारीत प्लॉट पाडायचं काम सुरू केलं. त्यातल्या एका व्यवहारात त्याला फोनवर दम आला. दम देणारा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही आणि त्याचा दुसरा फोनही कधी आला नाही. पण तेवढ्यावर दादाने परवान्यासाठी अर्ज केला. चौकशी झाली. गावात कुणालाही विचारलं तरी दादाबद्दल चांगलंच सांगितलं असतं. रस्त्यात अपघात झालेल्या अनोळखी माणसाला गाडीत घालून दवाखान्यात नेणारा, कुणाच्या मुलीचं लग्न अडलं तर मांडवाला उभा राहणारा माणूस होता तो. परवाना मिळाला.

पहिले काही महिने पिस्तूल कपाटात होतं. मग लग्नकार्याला जाताना ते कमरेला दिसू लागलं. सदरा त्या बाजूला थोडा वर यायचा. बोलताना दादाचा हात सारखा तिथे जायचा, माणूस चष्मा सारखा करतो तसा, नकळत. लोक त्याला 'दादासाहेब' म्हणायला लागले. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, पण तिचा अर्थ तेव्हा लागला नाही. दादा पूर्वी भांडायचा तेव्हा घसा फाटेपर्यंत ओरडायचा, पाय आपटायचा, मग तास-दोन तासांत चहा मागायचा. आता तो ओरडेनासा झाला. वाद झाला की आवाज खाली यायचा आणि समोरच्याकडे नुसता बघत राहायचा. मला वाटलं, वयाबरोबर पोच आली.

वहिनीला तसं वाटलं नव्हतं. एकदा स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता ती म्हणाली, "वन्सं, हे घरात आल्यापास्नं मला धड झोप न्हाई. म्हणत होते देवघराच्या वरल्या फळीवर ठेवू. मी म्हटलं, तिथं देव हायेत, तिथं न्हाई."

निवडणूक लागली की दादाला पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करावं लागायचं. नियमच आहे तसा. निकाल लागून आचारसंहिता संपली की परत मिळायचं. दादाला ते अपमानासारखं वाटे. वहिनीचा मात्र मला फोन यायचा, "चार दिवस राहायला या, घर मोकळं झालंय." मी जायचे. त्या दिवसांत वहिनी खरंच मोकळी हसायची.

अशाच एका निवडणुकीच्या दिवसांत दादा आणि धाकला यांची मारामारी झाली. मी तिथेच होते. दादाचे प्लॉट आणि धाकल्याचं उसाचं रान यांच्यामधून एक गाडीवाट होती. बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले, वाट तीच. दादाच्या भागीदाराला ती प्लॉटात घ्यायची होती. दादाने तारेचं कुंपण घातलं. धाकल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे खांब उपटले. दादा धावत गेला. मी आणि वहिनी मागोमाग पोचलो तोवर दोघं चिखलात लोळत होते. धाकल्याच्या भुवईला दगड लागून रक्त आलं होतं. दादाचं बोट मोडलं होतं. आसपासच्या रानातले लोक आले, एकाने याला धरलं, दुसऱ्याने त्याला. तेवढ्यात काकी केरसुणी घेऊन आली आणि तिने दोघांनाही झोडपलं. साठीच्या आसपासचे दोन बाप्ये, आणि वाकलेली काकी त्यांच्या पाठीत केरसुणी घालतेय. बघणारे लोक तोंडावर हात धरून उभे होते.

बोलणं बंद झालं. पण पुढे गावात एका म्हाताऱ्याचा दशक्रियाविधी होता, तेव्हा नदीकाठी दोघं एका रांगेत बसले होते. दादा समोर बघतच म्हणाला, "टाके काढले का रे?"

"काढले."

"खूण राहील."

"राहू दे की. तुझी आठवण." 

असं म्हणून धाकला हसला. हे मला त्याच दिवशी धाकल्याने फोन करून सांगितलं. म्हणाला, "तुझा भाऊ सुधारतोय." ते माझं त्याचं शेवटचं निवांत बोलणं.

निकाल लागले. पिस्तूल घरी आलं. वाटेचा वाद मिटला नव्हताच.

त्या सकाळी मी गावात नव्हते. इथे घरी मटार सोलत होते. जे झालं ते वहिनीने सांगितलेलं आणि नंतर कोर्टात ऐकलेलं, दोन्ही मिळून माझ्या डोळ्यांसमोर उभं राहतं. धाकल्याला वाट ओलांडून पाण्याचा पाइप न्यायचा होता. तो फावडं घेऊन खोदायला लागला. दादा बंगल्याच्या फाटकापाशी येऊन उभा राहिला. "थांब," म्हणाला. धाकला थांबला नाही. काहीबाही बोलला. आई-वडिलांवरून बोलला असं दादाचं म्हणणं. मग धाकल्याने फावडं वर उचललं. मारायला उचललं की खांद्यावर घ्यायला, यावर वकील पुढे कितीतरी दिवस भांडले. मला त्यातलं एवढंच समजलं की दोघांमध्ये चांगलं अंतर होतं. फावडं पोचलं नसतं. मागच्यासारखं चिखलात लोळायचं असतं तर आधी धावावं लागलं असतं, आणि धावेपर्यंत कुणीतरी आलं असतं. काकी तिच्या दारातच बसली होती. तिला उठायलाही वेळ मिळाला नाही.

दादाने एकच गोळी झाडली.

आणि मग त्यानेच धाकल्याला उचलून आपल्या गाडीत घातलं. वहिनी मागे बसली, धाकल्याचं डोकं मांडीवर घेऊन. हडपसरच्या अलीकडेच तो गेला. गाडी चालवताना दादा सारखा म्हणत होता, "बोलत राहा त्याच्याशी, झोपू देऊ नको." वहिनी बोलत राहिली. गेला आहे हे तिला कळलं होतं, तरी बोलत राहिली.

आम्ही रिक्षाने दवाखान्यात पोचलो तेव्हा दादा बाहेरच्या बाकावर बसला होता. सदऱ्याचा पुढचा भाग रक्ताने भिजून ताठ झाला होता. पोलीस आले होते, पण कुणी त्याला हात लावला नव्हता. तो पळणारा नाही हे दिसतच होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मला वाटलं, बघून थांबेल."

त्यानंतरही मी त्याला बरंच विचारलं, पण याहून जास्त त्याने कधी सांगितलं नाही.

धाकल्याच्या दहाव्याला मी गेले. जाऊ नये असं पुष्कळांनी सांगितलं. मी कोणत्या नात्याने जाणार होते? मारणाऱ्याची बहीण की मेलेल्याची? काकीच्या दारात बायका बसल्या होत्या, त्या सरकल्या नाहीत. मी उभीच राहिले. आतून काकीचा आवाज आला, "येऊ द्या तिला. तिचाबी भाऊ गेलाय." मी जवळ बसले. तिने माझा हात धरला नाही, झटकलाही नाही. मग म्हणाली, "तुझा एक गेला आन एक असून नसल्यागत. माझ्याकडं तर एकच व्हता गं."

घरी आल्यावर हे गॅलरीत बसले होते. ह्यांचा स्वभाव तिरकस बोलायचा. पण त्या दिवशी सरळ बोलले. "एवढी चौकशी केली पोलिसांनी. सगळीकडे विचारलं, माणूस कसा आहे. चांगला आहे म्हणून कळलं. आणि ते खरंच होतं."

आमच्या सोसायटीत खाली बाकावर निवृत्त मंडळी संध्याकाळी बसतात. त्यांना आमच्या घरातलं ठाऊक होतं, पण मी जवळून गेले की ते मुद्दाम सर्वसाधारण बोलायचे. एकजण म्हणे, परवानेच बंद करायला हवेत. दुसरे म्हणत, काही फरक पडत नाही हो, ज्याला मारायचंय तो कोयत्याने मारतो, कोयत्याला कुठे परवाना लागतो? मी शाळेत असताना मुलांना असे विषय वक्तृत्वाला द्यायचे. बाजूने बोला, विरोधात बोला. दोन्हीकडच्या मुलांना टाळ्या वाजवायचे. आता त्या बाकापाशी मला उभं राहवत नसे.

धाकल्याचा मुलगा तेव्हा पंचविशीचा. मला आत्या म्हणतो. बाप गेल्यावर वर्षभराच्या आत त्याने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला. एकदा मार्केट यार्डात माल टाकायला आला तेव्हा घरी येऊन गेला. पाणीही न पिता म्हणाला, "आत्या, चुलत्यांकडं लायसन होतं. माझ्या बापाकडं फावडं होतं. आता मी मागतोय तर सांगतात, तुमच्या घरात वैर आहे, तुम्हाला देता येणार नाही. म्हणजे वैर नसताना देणार, आणि वैर असलं की नाही. काय लॉजिक आहे हे?"

"कशाला हवंय तुला?"

"जीवाला धोका आहे असं लिहिलंय अर्जात."

"आणि खरं काय आहे?"

तो दाराकडे वळला. चप्पल घालून निघून गेला.

दादाला जामीन मिळाला, पण खटला संपेपर्यंत गावात पाय ठेवायचा नाही अशी अट घातली होती. मग तो आणि वहिनी आमच्याकडे राहायला आले. आतली खोली त्यांना दिली. दादा दिवसभर तिथेच असे. कधी कधी बाहेर येऊन ह्यांच्याबरोबर कोडं सोडवायचा. शब्द सुचला की सांगायचा, पेन हातात घ्यायचा नाही.

एका रविवारी दुपारी दाराची बेल वाजली. दारात धाकल्याचा मुलगा. पाठीला सॅक. घाम आला होता. मी आत घेतलं. दुसरं काय करणार होते? तो माझाच भाचा. पाणी दिलं, ते त्याने यावेळी प्यायलं. मग विचारलं, "चुलते कुठंयत?"

मी उत्तर द्यायच्या आत दादाच आतल्या खोलीतून बाहेर आला. त्याने आवाज ओळखला होता. धाकल्याचा आणि त्याच्या मुलाचा आवाज एकच. पोराने सॅकची चेन ओढली आणि कोयता बाहेर काढला. ऊस तोडायचा, घरातला, मुठीला सुतळी गुंडाळलेला. दादा जागचा हलला नाही. त्याने मान खाली घातली, एवढंच मला आठवतं.

आमचा हॉल केवढासा. सोफा, टीपॉय, टीव्ही, त्यात आम्ही पाचजण. पोराला हात वर न्यायलाही नीट जागा नव्हती. मी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. वहिनी समोरून आली आणि तिने सरळ पातंच धरलं. रक्त तिच्या कोपरापर्यंत ओघळलं, तरी सोडेना. म्हणाली, "मला आधी. बाळा, मला आधी." त्याच वहिनीने त्याच्या बापाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पोराचा हात सैल पडला. तो सोफ्यावर बसला आणि हमसून हमसून रडायला लागला, लहानपणी पडल्यावर रडायचा तसा, तोंड उघडं टाकून.

ह्यांनी दार लावून घेतलं. कोयता उचलला, सिंकमध्ये धुतला आणि पिठाच्या डब्यामागे ठेवला. मग पोराला म्हणाले, "तोंड धू. जेवलायस का?"

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे आम्ही वहिनीला नेलं. माझ्याही मनगटावर ओरखडा होता. "नारळ फोडताना लागलं," मी सांगितलं. डॉक्टरांनी आम्हा दोघींकडे पाहिलं. "नारळ दोघी मिळून फोडत होतात वाटतं," एवढं बोलून त्यांनी टाके घातले. पोलिसांत कुणी गेलं नाही. वहिनीची दोन बोटं आजही नीट मिटत नाहीत. भाकरी ती डाव्या हाताने थापते.

पोराच्या परवान्याच्या अर्जाला कुणी हो म्हटलं असतं तर, हे मला त्या दुपारपासून सुटलेलं नाही. दाराबाहेरूनच झालं असतं सगळं. मला मिठी मारता आली नसती, वहिनीला काही धरता आलं नसतं. त्या पोराचं रडणं आम्ही ऐकलं नसतं, त्याची गाठ तुरुंगातच पडली असती. कुणीतरी कचेरीत बसून 'नाही' म्हणालं, त्याला या घरातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि तरी त्याने आमची दोन माणसं राखली.

पण एवढ्यावर मी बाकावरच्या मंडळींना जाऊन काही सांगितलं नाही. कारण त्यानंतरच्याच पावसाळ्यात आमच्या मागच्या गल्लीत एका कॉलेजच्या मुलाला चौघांनी कोयत्याने मारलं. भर संध्याकाळी. दुकानं उघडी होती, ती भराभर बंद झाली. खिडक्यांतून लोकांनी पाहिलं. तो मुलगा दोन शटर वाजवत गेला, कुणी उघडलं नाही. तिथेच गेला. कोयत्याला जवळ यावं लागतं, हात धरता येतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे. पण धरणारं कुणीतरी लागतं, आणि ते मारणाऱ्याची आत्या किंवा चुलती असायला लागतं बहुतेक. त्या मुलाच्या आईला मी ओळखत नव्हते. तरी गेले. ती मला म्हणाली, "तुम्ही कुठे होतात तेव्हा?" मी त्या वेळी कात्रजला भाचीकडे गेले होते. ते सांगण्यात काही अर्थ नव्हता.

दादाला शिक्षा झाली. खुनाची नाही, पण झाली. निकाल ऐकताना तो शांत होता. मला वाटतं जामिनावरचे महिनेच त्याला जड गेले होते. परवाना तर केव्हाच रद्द झाला होता आणि पिस्तूल कोर्टात पुरावा म्हणून जमा झालं. भागीदार त्याआधीच वेगळा झाला होता. वहिनी गावाकडे परतली. ती आणि धाकल्याची बायको एकमेकींशी बोलत नाहीत. पण वहिनीच्या उसाला पाणी कोण देतं हे मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्यो देतो. बोलत न्हाई. देऊन जातो." पोराचं लग्न ठरत नाही. मुलीकडचे लोक चौकशी करतात, मग फोन उचलत नाहीत.

मागच्या थंडीत काकीच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शहरात करायचं ठरलं. तिचा नातूच तिला सोडून गेला आणि खालूनच परत फिरला. काकी आठवडाभर आमच्याकडे राहिली. आता नव्वदीकडे झुकली आहे, पण कान शाबूत. मी औषधाचे थेंब घालायचे, जेवण भरवायचे, गावाकडचं काही ती सांगायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या घरात सून आली. आमच्यातलं कुणीच त्या दोघांचं नाव घेत नव्हतं.

एकदा सकाळी मी तिच्या ताटात भात कालवत होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा मिटलेला. तिने चाचपडत माझा हात धरला आणि थांबवला.

"तू जातीस न्हवं त्याला भेटायला?"

मी म्हणाले, "जाते."

"जेवतो का तिथं नीट? ल्हानपणी त्याला वरणात गूळ लागायचा. गुळाबिगर घास उतरायचा न्हाई त्याला."

गेल्या भेटीत दादा निम्मा दिसला होता. गालाची हाडं वर आली होती, दात पडले होते.

"जेवतो," मी म्हणाले.

काकी मान हलवत राहिली. मग तिने माझा हात सोडला आणि घासासाठी तोंड उघडलं.